नानांची लाल पेटी

मी आज जो काही आहे तो दत्तोबा बनकर यांच्यामुळे आहे. मोशीत त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही म्हणतो. ज्याचे उपकार आहेत त्याच्याविषयी लिहिताना सुरुवात त्याच्या मोठेपणापासून करावी, असं आमच्या परतूरच्या शाळेत निबंधाच्या तासाला शिकवलं होतं. नानांच्या बाबतीत ते जमत नाही. त्यांची सुरुवात गिरणीपासूनच करावी लागते.

दर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत एकसष्ट वर्षांचा एक माणूस दळण न घेता यायचा. गिरणी जोरात असायची, बायका एकमेकींशी हातवारे करून बोलत असायच्या. हा माणूस डब्यांच्या मधोमध उभा राहायचा, दोन्ही कानांत पांढरी बोंडं घालायचा, डोळे मिटायचा आणि मान जराशी तिरकी करून दोन मिनिटं तसाच थांबायचा. मग खिशातून वही काढून काहीतरी लिहायचा आणि भुवयांवरचं पीठ घेऊन घरी जायचा.

"नाना, दळण कुठंय?" गिरणीवाला ओरडून विचारायचा.

"आज निस्ता आवाज घ्यायला आलोय," नाना ओरडून उत्तर द्यायचे.

कानातली बोंडं म्हणजे वायर नसलेले इअरबड्स. पोरं त्यांना 'बड्स' म्हणतात. नानांना ते नाव पसंत नव्हतं. कापसाच्या बोंडासारखं दिसतं ते बोंड, एवढा सरळ त्यांचा विचार. आणि या बोंडांची तपासणी हे नानांचं निवृत्तीनंतरचं पूर्णवेळ काम होतं. त्यांना कुणी दिलेलं नव्हतं, म्हणून ते सोडताही येत नव्हतं.

नाना चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणारी कंपनी. आयुष्यातली तीसेक वर्षं त्यांनी प्रेस शॉपमध्ये काढली. प्रेस शॉप म्हणजे काय हे तिथं न गेलेल्या माणसाला सांगणं अवघड आहे. त्याच्यापुढं गिरणी म्हणजे अंगाई वाटेल. त्या धडधडीत उभं राहून नाना नुसत्या आवाजावरून सांगायचे, "चार नंबरच्या डायला तडा चाललाय, बंद करा." आणि बंद करून बघितलं की त्या साच्याला तडा असायचा. वरिष्ठ लोक पाहुण्यांना हे दाखवायला आणायचे.

मी तिथं ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा बारावी पास होतो आणि मोशीत नानांच्याच घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. पहिल्याच आठवड्यात मी ब्रॅकेटची एक अख्खी पेटी रिजेक्ट केली. भोकात घालून बघायचा एक पोलादी गेज असतो. एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. माझं दुसरं टोकही प्रत्येक भोकात आत जात होतं. मी प्रत्येक ब्रॅकेटला लाल टॅग बांधला. मला फार अभिमान वाटला होता. नाना आले, पेटीकडे न बघता त्यांनी माझ्या हातातला गेज घेतला.

"ह्याच्यावरचा स्टिकर बघितला का?"

गेज स्वतः बरोबर आहे का, हे ठरावीक मुदतीनं तपासून घ्यावं लागतं. त्या तारखेचा स्टिकर गेजवर असतो. माझ्या गेजची मुदत कधीच उलटून गेली होती. वापरून वापरून तो झिजला होता. पेटीतले सगळे ब्रॅकेट चांगले होते.

"तीस वर्सं वापरला की गेज झिजनारच, त्यात त्याचा दोष न्हाई. पन आधी गेज तपासायचा, मग पार्टला नावं ठेवायची," नाना म्हणाले. "आता ही पेटी पयल्यापासनं परत चेक कर. आणि झालं ते लिहून दे."

"तोंडी सांगितलं तर..."

"तोंडी चालत न्हाई. लिहून दे."

'लिहून दे' हे नानांचं जपाचं वाक्य होतं. शिपायाला चहा सांगितला तरी त्यानं तो लिहून घ्यावा अशी त्यांची अपेक्षा असायची. मीही दोन ओळी लिहून दिल्या. त्या वाचून ते म्हणाले, "अक्षर चांगलंय तुझं. फुडं का शिकला न्हाईस?" तिथून मुक्त विद्यापीठ सुरू झालं. तीन वर्षं मी नोकरी करून बी.ए. केलं. आकुर्डीच्या कॉलेजात परीक्षेचं केंद्र होतं. पेपरच्या दिवशी माझ्या शिफ्टला नाना स्वतःच्या सुट्टीत उभे राहायचे. शेवटच्या पेपरला तर मला स्कूटरवर सोडून तीन तास फाटकाबाहेर थांबले होते, का विचारलं तर म्हणाले, "फायनल इन्स्पेक्शनला माणूस हजर पायजे." आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. निकाल लागल्यापासून त्यांनी माझं नाव टाकून दिलं. मला ते ग्रॅज्युएट म्हणू लागले. "ग्रॅज्युएट, पाणी आलंय, टाकी भर."

तर अशा माणसानं रविवारी सकाळी दार वाजवल्यावर मी नाही कसं म्हणणार? तोवर मीही इन्स्पेक्टर झालो होतो. आठवडाभर तिन्ही शिफ्टमध्ये फिरून, चाकण चौकातल्या गर्दीत कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या झोपून, रविवारी मला फक्त आडवं पडायचं असायचं. नाना दारात उभे असायचे.

"चल ग्रॅज्युएट. साक्षीदार पायजे."

बोंडं नवीन कुठून यायची? काही गल्लीतल्या पोरांची उसनी असायची. बाकीची पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानातून, बघून परत करायच्या बोलीवर. तिथले सिंधी शेठ नानांना बघितलं की हात जोडायचे.

"नानासाहेब, ह्या वेळी एकदम टॉप पीस आहे. स्पोर्टसाठी पण, रोजच्यासाठी पण."

"कुणी तपासलं?"

"साई, बॉक्सवर लिहिलं आहे ना!"

"बॉक्सवर कुनीबी लिहितंय. स्पोर्ट लिहिलंय ना? मग मी स्पोर्ट करून बघनार."

आणि ते खरोखर करायचे. नाना तरुणपणी गावाच्या संघातून कबड्डी खेळले होते, त्यामुळे त्यांच्या लेखी स्पोर्ट म्हणजे कबड्डी. गच्चीवर खडूनं रेघ मारून ते मला अंगावर घ्यायचे. मी कानात बोंडं घालून 'कबड्डी कबड्डी' करत त्यांच्यापर्यंत जायचो आणि ते माझा घोटा धरून मला उताणा पाडायचे. मी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर पडलेलो असायचो आणि ते वाकून माझ्या कानात बघायचे.

"पडलं न्हाई. फिटिंग ओके."

त्यानंतर घामाची तपासणी. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात बोंडं गुंडाळून उन्हात. मग हेल्मेटची. मग भाकरीची, म्हणजे कानात बोंडं घालून एक कडक भाकरी चावून खायची, जबड्याच्या हालचालीनं ती सुटतात का ते बघायचं. सगळ्यांत वाईट शिंकेची. ते मला चिमूटभर तपकीर ओढायला लावायचे. एकदा लागोपाठ सात शिंका आल्या आणि उजवं बोंड उडून खालच्या अंगणात गेलं. नानांनी शांतपणे नोंद केली : "शिंक क्रमांक सहापर्यंत ओके."

या सगळ्यांचा एक तक्ता होता. फिटिंग, घाम, हेल्मेट, भाकरी, शिंक, गिरणी असे रकाने. पट्टीनं आखलेले. गिरणीच्या रकान्यात प्रत्येक जोडीला 'उत्तम' असायचं. एका पोरानं रस्त्यावरच्या टोपलीतून घेतलेल्या, एका कानाचा रबर गेलेल्या जोडीलासुद्धा 'बाहेरचा आवाज अजिबात येत नाही, उत्तम' असा शेरा होता. मला तेव्हा गंमत वाटली होती. मी क्वालिटीचा माणूस. मला तिथंच शंका यायला हवी होती.

शेवटचा रकाना होता 'आवाज'. त्यात प्रत्येक जोडी नापास व्हायची. मग नाना तिला सुतळीनं लाल टॅग बांधायचे आणि उसनी किंवा दुकानातली परत करायच्या आधी आठवडाभर एका लाल रंगवलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. कंपनीत रिजेक्ट मालाची असते तशीच पेटी. काही पोरांनी आपली बोंडं परत मागितलीच नाहीत. लाल टॅग लागलेली वस्तू वापरायला त्यांनाही नको वाटत असावी.

हा शेवटचा रकाना सुलभाकाकूंसाठी होता.

सुलभाकाकू म्हणजे नानांची बायको. त्यांचा आवाज पूर्वी इतका खणखणीत होता की त्यांनी ओट्यावरून हाक मारली की नाना नदीकाठच्या शेतातून निघायचे, असं शेजारी सांगतात. शेत गेलं, तिथं इमारती झाल्या, तरी आवाज तसाच होता. दोन वर्षांपूर्वी काकूंच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला. आवाज मात्र गेला. कधी कधी असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. उरली ती नुसती कुजबुज. आवाज परत येईल की नाही, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

घरात दोघंच. काकू बोलायच्या, नानांना कळायचं नाही. "ती लई हळू बोलती," नाना म्हणायचे. "ते लक्षच देत न्हाईत," काकू म्हणायच्या, म्हणजे मला कुजबुजून सांगायच्या. मग नानांनी तोडगा काढला. काकूंनी स्वयंपाकघरातून मोबाइल ओठांशी धरून फोन लावायचा, नानांनी पुढच्या गॅलरीत तो कानातल्या बोंडांवर घ्यायचा. घरातल्या घरात, बारा पावलांवरून फोन! गल्ली हसायची. "नाना, रोमिंग लागतंय का?" असं पोरं विचारायची. नाना त्यांना सांगायचे की बोंडं मॉर्निंग वॉकसाठी बघतोय, फोनचं आपलं सहज. पण चांगलं बोंड सापडलं की बायकोचा आवाज परत येणार, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. बाकी सगळे रकाने त्या एका रकान्याला झाकायला होते.

इथं मला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कंपनीत दरवर्षी कामगारांच्या आरोग्य तपासणीची गाडी यायची. तिच्यात कान तपासायची एक काचेची खोली होती. आत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि बारीक 'टीं' असा आवाज आला की बटण दाबायचं. ऐकू कमी येतंय असं निघालं की माणसाला प्रेस शॉपमधून काढून स्टोअरला बसवायचे. माझ्या पहिल्या वर्षी नानांनीच मला रांगेत समजावलं होतं, "घाबरू नको. काचेतनं मशीनवरल्या बाईचा हात दिसतो. ती टीं वाजवती तवा तिचा अंगठा हलतो. अंगठा हलला की दाब."

"पण नाना, मला ऐकू येतं."

"येतंय तवर ऐक," ते म्हणाले. "नंतर अंगठा हाय."

मी तेव्हा हसलो होतो. खोटा रिपोर्ट या माणसानं जन्मात लिहिला नाही, पण स्वतःचा एक रिपोर्ट तो वर्षानुवर्षं अंगठ्याकडे बघून पास करत होता. हे माझ्या ध्यानात यायला बोंडांची बारावी जोडी यावी लागली.

त्या रविवारी शेठनी स्वतः मला फोन करून आम्हाला बोलावलं होतं. "नानासाहेबांना सांगा, ही पण रिजेक्ट केली तर मी दुकान बंद करून गावाला जातो." जोडी खरंच चांगली होती. कबड्डी, घाम, भाकरी, शिंक, गिरणी, सगळं पास. दुपारी आम्ही गॅलरीत बसलो. मी इतका थकलो होतो की खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटत होते. नाना म्हणाले, "शेवटच्याला आज दोन इन्स्पेक्टर. एक बोंड माझ्या कानात, एक तुझ्या."

काकूंचा फोन आला.

आवाज इतका स्पष्ट होता की मी दचकून सरळ बसलो. कुजबुजच, पण कानाला लागून. मागे कढईत काहीतरी चुरचुरत होतं, तेही ऐकू येत होतं.

"अहो," काकू म्हणाल्या, "कढीपत्ता संपलाय, वरच्या कुंडीतला आणता का?"

"हं," नाना म्हणाले. जागचे हलले नाहीत.

थोडा वेळ नुसती कढई वाजत राहिली. आपल्या माणसाशिवाय दुसरं कुणी ऐकतंय हे काकूंना माहीत नव्हतं.

"अहो, तुमी निस्तं हं म्हनू नका," त्या म्हणाल्या. "ऐकू आलं न्हाई तर न्हाई म्हना. मला राग न्हाई येत. हं म्हटलं की मला वाटतं ऐकलं, आन् मी वाट बघत बसती."

"हं," नाना म्हणाले.

फोन बंद झाला. नानांनी माझ्याकडे बघितलं. हातात पेन होतं. "काय न्हाई. खरखर निस्ती. तुला?"

"मला येतंय की, नाना. स्पष्ट."

दोन इन्स्पेक्टरांचं जमलं नाही की काय करायचं, ते त्यांनीच मला शिकवलं होतं : गेज अदलाबदल करून परत बघायचं. त्यांनी त्यांचं बोंड काढून मला द्यायला हवं होतं, माझं त्यांनी घ्यायला हवं होतं. दहा सेकंदांचं काम. त्यांचा हात कानापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मग खाली आला.

"नीट आठव," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "परत सांग."

स्वयंपाकघरात काकू कढीपत्त्याची वाट बघत उभ्या होत्या.

"नाही," मी म्हणालो. "नाही आला, नाना."

"बघ," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. "मीबी तेच म्हनतोय. सगळा माल तसलाच यायला लागलाय." त्यांनी शेवटच्या रकान्यात 'नापास' लिहिलं, सही केली आणि वही माझ्यासमोर धरली. मीही सही केली. मग मी उठून वरच्या कुंडीतला कढीपत्ता तोडला आणि काकूंना नेऊन दिला. त्यांना वाटलं, नानांनीच पाठवलं. त्या केवढ्या खूश झाल्या! "ऐकलं म्हनायचं आज," त्या कुजबुजल्या.

त्यानंतर दोन आठवडे मी नानांना टाळत राहिलो. मग कंपनीनं मला सहा महिन्यांसाठी कर्नाटकातल्या नव्या प्लांटला पाठवलं. इथून मी नानांना फोन करतो. मी काय बोलतो ते त्यांना कळत नाही, हे आता मला कळतं. मी विचारतो, "काकू कशा आहेत?" ते म्हणतात, "हं." मी विचारतो, "जेवलात का?" ते म्हणतात, "हं, हं." मी विचारतो, "नाना, मी कोण बोलतोय?" त्यालाही "हं".

म्हणून परवा सुट्टीच्या दिवशी मी बसून त्यांना पत्र लिहिलं. मी पाठवलं ते असं :

ती. नानांना साष्टांग नमस्कार.

तोंडी चालत नाही, म्हणून लिहून देतो आहे.

बारा नंबरच्या जोडीच्या रिपोर्टवर मी केलेली सही चुकीची आहे. मला आवाज स्पष्ट ऐकू येत होता. तुम्ही 'परत सांग' म्हणालात तेव्हा मी खोटं सांगितलं. तुम्ही शिकवलेल्या कामात मी केलेला हा पहिला खोटा रिपोर्ट आहे. तो रद्द करावा.

माल चांगला आहे, नाना. बाराही जोड्यांतून आवाज येत असणार. गिरणीत सगळ्याच 'उत्तम' का निघाल्या, याचा मी इथं बसून विचार केला, तुम्हीही करून बघा. आधी गेज तपासायचा, हे मला तुम्हीच सांगितलंत. पहिल्या आठवड्यात मी झिजलेल्या गेजनं अख्खी पेटी नापास केली, तेव्हा तुम्ही मला रागावला नाहीत. गेज तीस वर्षं वापरला की झिजणारच, त्यात गेजचा दोष नसतो, असं म्हणाला होतात. तेच मी आज तुम्हाला म्हणतो आहे.

पिंपरीतल्या मोठ्या दवाखान्यात कानाची तपासणी होते. मी पुढच्या महिन्यात चार दिवस येणार आहे, तेव्हा आपण जाऊ. तुम्ही माझ्या पेपरला फाटकाबाहेर उभे राहिलात, मी तुमच्या तपासणीला बाहेर उभा राहीन. फक्त आत बसल्यावर बाईच्या अंगठ्याकडे बघायचं नाही. डोळे मिटायचे, गिरणीत मिटता तसे. नाही ऐकू आलं तर बटण दाबायचं नाही. तिथून तुम्हाला कुणी स्टोअरला पाठवणार नाही.

कानाचं यंत्र मिळालं की लाल पेटीत उरलेल्या जोड्या पहिल्यापासून परत तपासाव्या लागतील. कबड्डीला मी तयार आहे. तपकिरीबद्दल जरा विचार व्हावा.

एक नोंद राहिली. त्या दिवशी फोनवर काकू काय बोलल्या ते तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही. ऐकायचं तुम्ही होतं, ऐकलं मी. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितो : "अहो, तुमी निस्तं हं म्हनू नका. ऐकू आलं न्हाई तर न्हाई म्हना. मला राग न्हाई येत. हं म्हटलं की मला वाटतं ऐकलं, आन् मी वाट बघत बसती."

त्याआधी त्यांनी कढीपत्ता मागितला होता. तो मी त्या दिवशी दिला. तो तुम्ही पाठवलात असं त्यांना वाटलं आणि मी ते तसंच राहू दिलं. पुढच्या वेळचा मात्र तुम्हीच द्या.

तुमचा,
ग्रॅज्युएट